मेंढा कोणाचा आणायचा? काळ्या मेंढ्यांवर आलेले तुमचे प्रश्न

मागच्या अंकात मी आमच्या घरच्या काळ्या दख्खनी मेंढ्यांबद्दल लिहिलं होतं. आधी सुगी झाली की वावरावावरात बसलेली दिसायची ती लोकरवाली काळी मेंढी आता शोधायला फिरावं लागतं, आणि ज्याच्याकडं थोडं वावर आहे, धुऱ्यावर गवत आहे त्यानं आठ-दहा तरी पाळाव्यात असं म्हटलं होतं. त्यावर इतकी पत्रं, इतके व्हॉट्सअ‍ॅप आले की मला खरंच बरं वाटलं. सगळ्यांना उत्तर देणं जमणार नाही, म्हणून जे प्रश्न पुन्हा पुन्हा आले तेच घेतलेत. नावं टाकली नाहीत, बऱ्याच जणांनी नको म्हटलं होतं.

मानोरा तालुक्यातून एक भाऊ विचारतात: डॉक्टर ताई, आमच्या आबाजवळ काळ्या मेंढ्या होत्या, मी लहान होतो तवाच विकल्या. आता मले दहा घ्यायच्या हायेत. चार एकर वावर हाय, बाजूलेच ई-क्लासची (सरकारी चराईची) जमीन हाय. एक चांगला मेंढा घेतला की भागते ना? आन् मेंढ्या बाजारातून घेऊ का कोणाच्या घरून?

भाऊ, तुमच्या आबांच्या मेंढ्या तुम्हाला अजून आठवतात हे वाचूनच मी तुमचा प्रश्न पहिला घेतला.

आधी बाजाराचं सांगते. पहिला कळप बाजारातून घेऊ नका. चांगली, विणारी, दुधाळ मेंढी धनगर बाजारात आणतच नाही, तो आणतो ती म्हातारी झालेली, कास खराब झालेली, दोनदा उलटलेली (मेंढा दाखवूनही गाभ न राहिलेली) नाहीतर आजारी पडायला लागलेली. आणि दहा गावची जनावरं एका जागी नाकाला नाक लावून उभी असतात. हे मी पुस्तकातून सांगत नाही. जनावरांची डॉक्टर असूनही माझ्याकडून हीच चूक झाली, घाईघाईत सहा मेंढ्या बाजारातून आणल्या, संध्याकाळ झाली होती, वेगळं बांधायला जागा केलेली नव्हती म्हणून घरच्यांमध्येच सोडून दिल्या. आठव्या दिवशी नाकातून शेंबूड, तोंडात फोड, हगवण. पीपीआर, शेळ्या-मेंढ्यांचा जीवघेणा साथीचा रोग. बाविसातल्या नऊ गेल्या, त्यात माझ्या सासऱ्यांनी वाढवलेली एक जुनी मेंढी होती जिच्या तीन लेकी आज कळपात आहेत म्हणून तिचं रक्त तेवढं उरलं. तेव्हापासून आमच्या घरी नवीन आलेलं जनावर २१ दिवस गोठ्याच्या दुसऱ्या टोकाला बांधलं जातं, त्याचं पाणी वेगळं, चारा वेगळा आणि त्याच्याकडं सगळ्यात शेवटी जायचं.

मग घ्यायच्या कुठून, तर वाड्यावरून, म्हणजे धनगरांच्या फिरत्या तळावरून. दिवाळीनंतर सुगी सरली की धनगरांचे वाडे तुमच्याकडं मेंढ्या बसवायला येतातच. कोणाच्या वावरात वाडा उतरलाय ते विचारा आणि संध्याकाळी जाऊन बसा, पहिल्या दिवशी भाव विचारू नका. मेंढरं परत येताना पिल्लं कशी धावतात, कोणती मेंढी दोन पिल्लांना पाजते, कोणती लंगडते हे तासभर बसलं की आपोआप दिसतं. दोन-तीन संध्याकाळी गेलात की माणूस स्वतःच बोलायला लागतो, हिची आई अशी होती, हिची आजी तशी होती. ज्या माणसाला आपल्या मेंढीची आजी आठवते त्याच्याकडून घ्या, दोन पैसे जास्त गेले तरी चालेल.

जात ओळखायची कशी? दख्खनी म्हणजे मध्यम बांध्याची, बहुतेक काळी, कपाळावर नाहीतर अंगावर पांढरे डाग असले तरी चालतं, कान लोंबते, नाकाडाला थोडा उठाव, शेपटी आखूड न् बारीक, मेंढ्याला शिंगं असतात, मेंढीला नसतात. पण खरी परीक्षा लोकरीची. बरगडीवर दोन्ही अंगठे ठेवून लोकर फाकवा. वरून उन्हानं करपून तांबूस झालेली असते, आत मात्र मुळाशी काळीभोर, आणि अंगठ्याला चिकट तेलकटपणा लागतो, हात धुतला तरी वास जात नाही. तिथं नुसते सरळ गुळगुळीत केस लागले, बकरीसारखे, तर बाहेरचं रक्त शिरलंय असं समजा, रंग कितीही काळा असो.

दात बघा. दोन दाती म्हणजे साधारण दीड वर्षाची, चार दाती दोनच्या आसपास, सहा दाती तिसऱ्या वर्षातली. दोन आणि चार दातीच घ्या. कास हातानं दाबून बघा, गाठ नको, दोन्ही सड मोकळे हवेत. शेपटीखाली कोरडं हवं.

आता मेंढा. एकच मेंढा घेतला की भागते का? विण्यापुरतं भागतं भाऊ, एक मेंढा वीस-पंचवीस मेंढ्यांना आरामात पुरतो. पण तुम्हाला जात राखायची आहे ना, मग नाही भागत. यासाठी एक साधा हिशोब आहे जो मी प्रत्येकाला कागदावर मांडून दाखवते. मेंढे गुणिले मेंढ्या गुणिले ४, आणि त्याला मेंढे अधिक मेंढ्या यानं भागायचं. जो आकडा येतो तेवढ्याच परक्या-परक्या जनावरांचं रक्त तुमच्या कळपात आहे असं धरायचं. दहा मेंढ्या आणि एक मेंढा, म्हणजे ४० भागिले ११, साडेतीनच्या थोडं वर. दिसायला अकरा जनावरं, रक्तानं चारसुद्धा नाहीत. आणि मेंढ्या पन्नास केल्या, पाचशे केल्या तरी मेंढा एकच असेल तर हा आकडा ४ च्या पुढं जातच नाही, कारण सगळी पिल्लं एकाच बापाची. तेच दहा मेंढ्यांना दोन मेंढे ठेवले की ६.७ होतो. जागतिक अन्न आणि कृषी संघटना एखादी जात धोक्यात आहे का ते ठरवताना नुसत्या माद्या मोजत नव्हती, विणाऱ्या माद्या १०० किंवा कमी असतील किंवा नर ५ किंवा कमी असतील तर ती जात अगदी शेवटच्या टप्प्यात, असा निकष होता. माद्या हजार असल्या तरी नर पाचच उरले तर तीच गत, यातच सगळं आलं.

एकच मेंढा तीन-चार वर्षं राहिला की तो स्वतःच्या लेकीवर जातो, मग नातीवर. पहिल्या खेपेला काही दिसत नाही. नंतर पिल्लं बारीक पडायला लागतात, एखाद्याचा खालचा जबडा आखूड असतो म्हणून आईला नीट ओढता येत नाही, एखाद्या नराला एकच अंड उतरतं, मेंढ्या वारंवार उलटतात. माणसं म्हणतात चारा कमी पडला, नजर लागली. चारा बरोबर असतो, बाप चुकलेला असतो.

पण दहा मेंढ्यांमागं दोन-तीन मेंढे पोसणं परवडत नाही, हे मलाही कळतं. म्हणून माझा आग्रह असा की एकट्यानं सुरू करू नका. आजूबाजूच्या गावात अजून दोघं शोधा. तिघांच्या दहा-दहा मेंढ्या, तिघांकडं एक-एक मेंढा, तोही तीन वेगळ्या वाड्यांवरून आणलेला. दर दोन वर्षांनी मेंढे फिरवायचे, तुमचा त्याच्याकडं, त्याचा तिसऱ्याकडं, तिसऱ्याचा तुमच्याकडं, नेहमी त्याच दिशेनं. मेंढ्या कोणी हलवायच्या नाहीत. आता हिशोब करा, ३ मेंढे ३० मेंढ्या, ३६० भागिले ३३, जवळजवळ ११. खर्च तेवढाच, एकेकाला एकच मेंढा पोसायचा, आणि कोणाचाच मेंढा आपल्या लेकीवर जात नाही. धनगर वाड्यावाड्यात मेंढे अदलाबदल करतच आले, म्हणून तर ही जात इतकी शतकं टिकली.

आणि एक वही. शंभर पानी साधी वही, प्रत्येक मेंढीला एक पान. कानात बिल्ला, बिल्ल्याचा नंबर, आई कोण, बाप कोण, कोणत्या तारखेला व्याली, नर की मादी. जूनमध्ये पाऊस पडून हिरवं झालं की मेंढा सोडायचा, त्याच्या छातीला तेलात कालवलेला गेरू लावायचा, ज्या मेंढीच्या पाठीवर लाल डाग दिसला तिची तारीख लिहायची. १७ दिवसांनी तिच्यावर पुन्हा डाग आला तर राहिली नाही. नाही आला तर पाच महिने मोजायचे, दिवाळीनंतर पिल्लू. बाकीचे नर सहा महिन्यांच्या आत खच्ची करा किंवा वेगळे काढा, नाहीतर वहीतला बाप एक आणि खरा बाप दुसरा.

दारव्ह्याजवळून एक शिक्षक विचारतात: मी माडग्याळी जातीचा मेंढा घ्यायचं ठरवलंय, व्हिडिओ बघितले, एकेक मेंढा लाखांत जातो. आमच्या काळ्या मेंढ्यांवर तो सोडला तर पिल्लं मोठी होतील आणि जातही सुधारेल ना?

सर, पिल्लं मोठी होतील, पण जात सुधारणार नाही, संपेल.

माडग्याळ ही सांगली जिल्ह्यात जत तालुक्यातल्या कोरड्या रानातली मेंढी, उंच पायांची, नाक पोपटासारखं वाकलेलं, पांढऱ्या अंगावर तपकिरी ठिपके, लोकर नाहीच जवळजवळ. तिच्या जागी ती सुंदरच आहे आणि मांसासाठी पैसा देते, तिच्याबद्दल माझं काही वाईट म्हणणं नाही. पण तुमच्या मेंढ्या तीस किलोच्या आसपासच्या, त्यांच्या पोटात एवढं मोठं पिल्लू वाढलं की पहिलटकरणी अडतात, रात्री दोन वाजता मला फोन येतात ते असेच. आणि जी पिल्लं होतात त्यांची लोकर जाते, रंग फुटतो, दुसऱ्या पिढीत तुम्हाला ना माडग्याळ राहते ना दख्खनी. आपल्या पूर्व भागात, चंद्रपूर-गडचिरोलीकडं, आंध्रातल्या नेल्लोरी मेंढ्यांचं रक्त याच वाटेनं आलं. तेलंगणानं २०१७ पासून ७५ टक्के अनुदानावर वीस मेंढ्या एक मेंढा असे गट वाटले, बाहेरच्या राज्यांतून जनावरं आणली, तिथल्या दख्खनीवर त्याचा काय परिणाम होतो हे तिथले जुने मेंढपाळ तेव्हापासून ओरडून सांगतायत.

काही जणांनी जुळ्यांसाठी विचारलंय. फलटणच्या निंबकर संस्थेनं बंगालच्या सुंदरबनातल्या गरोळ मेंढीचं जुळं देणारं जनुक दख्खनीत आणून नारी सुवर्णा तयार केली, काम फार मोलाचं आहे. चारा-पाणी घरचं असेल आणि धंदा म्हणून करायचं असेल तर जरूर बघा. पण तो कळप वेगळा ठेवा. जो कळप तुम्ही जुनी जात राखायची म्हणून ठेवताय त्यात कोणाचंच रक्त नको, चांगल्याचंही नको.

दर्यापूरहून एक ताई: आमची सगळी काळी जमीन. पावसाळ्यात चिखल इतका की मेंढ्यांचे पाय सडतात, मागच्या वर्षी चार मेंढ्या लंगडून लंगडून बसल्या आणि दोन तर अचानक मेल्या, आदल्या दिवशी चांगल्या चरत होत्या. मेंढी आमच्या जमिनीला चालतच नाही का?

चालते ताई, पण तिला रात्री पाय कोरडे पाहिजेत, बाकी सगळं ती सहन करते. आपल्या वऱ्हाडातलं ४५-४६ डिग्रीचं ऊन सहन करते, ओला पाय नाही करत. गोठ्याची जागा आजूबाजूपेक्षा हात-दीड हात उंच करून घ्या, एक-दोन ट्रॉली मुरूम टाका, ठोकून उतार द्या. एका मेंढीला छपराखाली दहा-बारा चौरस फूट धरा आणि तेवढ्याच्या दुप्पट उघडं अंगण. भिंत बांधू नका, तुराट्यांचा कुड बेस्ट, वारा खेळता राहतो. वरून टिनं असतील तर मार्चमध्येच त्यावर पऱ्हाट्या (कपाशीची वाळकी झाडं) पसरून द्या.

पायासाठी दारात उथळ टाकं करून झिंक सल्फेटचं दहा टक्के पाणी, आठवड्यातून दोनदा त्यातून सगळ्या चालवायच्या. मोरचूदही चालतो पण त्यात तांबं असतं, मेंढीला ते सोसत नाही, ते पाणी चाटलं-प्यालं तर यकृत जातं. त्याच कारणानं गाई-म्हशींचं मिनरल मिक्श्चर मेंढीला देऊ नका, मेंढीचं वेगळं मिळतं, तेच मागा.

त्या दोन अचानक गेलेल्या, मला वाटतं अंगानं चांगल्या भरलेल्या असतील आणि पहिल्या पावसाच्या कोवळ्या गवतानंतर गेल्या असतील. हा आंत्रविषार, लक्षण दिसायच्या आतच जनावर जातं. मे महिन्यात लस, पहिल्यांदा देत असाल तर पंधरा दिवसांनी दुसरा डोस, पुढं दरवर्षी. पीपीआरची लस तीन वर्षांतून एकदा. पावसाळा संपताना चिलटांमुळं निळी जीभ येते, तोंड-ओठ सुजतात, संध्याकाळी गोठ्यात कडुलिंबाच्या पाल्याचा धूर करा आणि तिची लस डॉक्टरांना विचारून घ्या.

जंतांचं औषध महिन्याच्या महिन्याला सगळ्यांना पाजत सुटू नका, औषधाचा गुण जातो. मेंढीची खालची पापणी अंगठ्यानं ओढा. आत लालबुंद असेल तर तिला काही नको. पांढरट, कागदासारखं दिसलं तर रक्त पिणारे जंत झालेत, तिला वजनावर डोस द्या. आणि सकाळी दव उडाल्याशिवाय चरायला सोडू नका, जंतांची पिल्लं ओल्या गवताच्या शेंड्यावर चढून बसलेली असतात.

राळेगाव भागातून: वेचणी झाली की पऱ्हाटीत मेंढ्या सोडू का? वावरवाले बोलावतात, चारा फुकट आहे, पण मागं एकाची मेंढरं मेली म्हणतात.

चारा फुकट असतो, फवारणी फुकट नसते. वावरवाल्याला दोनच प्रश्न विचारा, शेवटची फवारणी कधी आणि कशाची. आठवत नाही म्हणाला तर सोडू नका. २०१७ मध्ये आपल्याच यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं गेली, तर ज्या मेंढीनं दिवसभर तीच पानं खाल्ली तिचं काय होणार. तोंडातून लाळ गळायला लागली, अंग थरथरतंय, पाय लुळे पडले की थांबू नका, डॉक्टरला फोन करा आणि डबा सापडला तर त्याच्या लेबलचा फोटो पाठवा, औषधावरून उतारा ठरतो आणि वेळेत दिला तर जनावर वाचतं.

ज्वारी त्याहून फसवी. पाण्याविना खुरटलेली कोवळी ज्वारी, किंवा कापणीनंतर धसकटातून फुटलेले हिरवे लुसलुशीत कोंब, यात विष असतं, पोटभर खाल्लं तर अर्ध्या तासात जनावर पडतं. निसवलेली, वाळलेली ज्वारी, कडबा, त्याला काही नाही. सोयाबीनच्या खळ्यावर सांडलेला दाणा हीसुद्धा मोठी भानगड, एकदम किलोभर दाणा पोटात गेला की पोट बिघडतं.

तूर कापल्यावर पडलेला पाला मात्र निर्धास्त चारा. तुरीचं, हरभऱ्याचं, सोयाबीनचं कुटार भरून ठेवा, उन्हाळ्यात त्यावरच कळप निघतो, सोबत बाभळीच्या शेंगा. मेंढा सोडायच्या आधी तीन-चार आठवडे आणि विण्याच्या आधी महिनाभर मेंढीला रोज पाव किलो भरडा, थोडी चुनी नाहीतर सरकी ढेप. सुबाभूळ द्या पण एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त नको, त्यानं लोकर झडते, हातात पुंजकेच्या पुंजके येतात.

लोणारकडून एक नवीन मेंढपाळ ताई: पहिलं पिल्लू झालं, पण उठतच नव्हतं, आई चाटत नव्हती, सकाळपर्यंत गेलं. मी काय करायला पाहिजे होतं?

ताई, वाईट वाटून घेऊ नका, पहिलटकरीण गोंधळते. पुढच्या वेळी असं करा. नाका-तोंडावरचा चिकटा बोटानं काढा, कोरड्या बारदानानं पिल्लू जोरात चोळा, नुसतं पुसू नका, चोळा, म्हणजे श्वास भरतो. नाळेला टिंचर आयोडीन. मग आईचा सड पिळा, पहिल्या धारेत मेणासारखी बारीक गुठळी अडकलेली असते, ती निघाल्याशिवाय पिल्लानं कितीही ओढलं तरी चीक येत नाही. कित्येक पिल्लं कास भरलेली असताना उपाशी मरतात ती या गुठळीपायी.

आता तुमचं बोट पिल्लाच्या तोंडात घाला. तोंड उबदार असेल आणि ते बोट ओढत असेल तर काळजी नाही, सडाला लावा. तोंड आतून थंडगार लागलं तर त्याला लगेच पाजू नका, गिळता येत नाही, चीक फुप्फुसात जातो. आधी ऊब, बल्बखाली ठेवा, गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून पोटाशी द्या, चुलीजवळ धरा. तोंड गरम झालं की बाटलीनं चीक. अडीच किलोच्या पिल्लाला पहिल्या दिवसात किमान २५० मिली, थोडा थोडा करून, आणि पहिला घोट पहिल्या तासात. आई घेत नसेल तर तिला दोन दिवस छोट्या कोपऱ्यात पिल्लासोबत बांधा, तिच्याच अंगावरचा चिकटा पिल्लाच्या पाठीला लावा, बहुतेक घेतात.

अचलपूरहून: लोकर कोणी घेतच नाही. कातरणीची मजुरी अंगावर पडते. मग लोकरवाली मेंढी ठेवायची कशाला?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त टोचतो, कारण खरा आहे. दख्खनीची लोकर जाडीभरडी, एका मेंढीची वर्षाची जेमतेम अर्धा-पाऊण किलो, दोन कातरण्या मिळून. स्वेटरच्या कारखान्याला ती नको असते. ती घोंगड्याची लोकर आहे, चिंचोक्याची खळ लावून विणलेलं घोंगडं पावसात अंगावर घेतलं की पाणी वरच्या वर ओघळून जातं, आणि रानात रात्र काढणाऱ्या माणसासाठी त्याहून चांगलं अंथरूण-पांघरूण मी तरी बघितलं नाही. सूत काढणाऱ्या आजी आहेत तोवर त्यांच्याकडून शिकून घ्या, पाच-सात घरची लोकर एकत्र केली की एका विणकराला काम देता येतं. काळी आणि पांढरी लोकर कातरतानाच वेगळी ठेवा, काड्या-गोखरू काढा, ओली भरू नका. जी अगदीच खराब निघते ती संत्र्याच्या आळ्यात मातीखाली टाका, हळूहळू कुजते, नत्र देते आणि ओल धरून ठेवते, माझ्या सहा झाडांखाली तीन वर्षं टाकतेय.

आणि भाऊ, लोकर हा तिचा एकटा हिशोब नाही. रात्रभर वावरात बसलेल्या कळपाची लेंडी आणि मूत, याचे पैसे वावरवाले आजही धनगराला देतात ना. ते खत घरच्या वावरात पडतंय हे मांडा.

अनुदानाबद्दल बऱ्याच जणांनी विचारलंय. थोडक्यात. भटक्या जमाती (क) मधल्या कुटुंबांसाठी राजे यशवंतराव होळकर महामेष योजना आहे, २० मेंढ्या आणि १ मेंढा, ७५ टक्के अनुदान. राष्ट्रीय पशुधन अभियानात ५० टक्के मिळतं पण तिथं सुरुवातच १०० माद्या आणि ५ नर यांच्यापासून आहे, नवख्या माणसानं त्यात पडू नये असं माझं स्पष्ट मत. महामेषमध्ये गट घेतलात तर दुसरा मेंढा स्वतःच्या पैशानं वेगळ्या वाड्यावरून घ्या, कारण वर सांगितलंय. मेंढी-शेळी महामंडळाची आपल्याकडं पोहरा (अमरावती) आणि बोंद्रीला (नागपूर) प्रक्षेत्रं आहेत, तिथं एकदा जाऊन या. कानात बारा आकडी सरकारी बिल्ला मारून घ्या, विम्याला लागतो.

दिग्रसहून शेवटचा प्रश्न: माझा काळा मेंढा सहा दाती आहे, तब्येत एक नंबर, पण आता कळपात त्याच्याच लेकी वयात आल्यात. कटाईवाला चांगला भाव देतोय. देऊन टाकू का?

देऊ नका. कृपा करून देऊ नका. सहा दाती म्हणजे अजून तीन-चार वर्षं तो काम करतो, आणि तुमच्या कळपातल्या त्याच्या लेकींना तो नको असला तरी तीस किलोमीटरवर मानोऱ्याला एक भाऊ नेमका असाच मेंढा शोधतायत, त्यांचा प्रश्न सगळ्यात वर छापलाय. दोघांचे नंबर माझ्याकडं आहेत, दोघांनी हो म्हटलं तर मी जोडून देते. विकायचा नसेल तर दोन वर्षांसाठी द्या, बदल्यात त्यांच्याकडची एखादी तरुण मादी घ्या नाहीतर पुढं त्यांचा मेंढा घ्या.

पाठवण्याआधी तालुक्याच्या दवाखान्यात त्याच्या रक्ताची ब्रुसेलाची तपासणी करून घ्या, तो आजार मेंढ्यातून मेंढीत जातो, गाभ पडतो आणि माणसालाही होतो. खुरं साळून द्या. दोन्ही अंड हातानं चाचपून बघा, सारखी, घट्ट, गाठ नको. दुपारच्या उन्हात पिकअपमध्ये टाकू नका, पहाटे न्या, खाली कुटार अंथरा आणि शिंगाला दोर बांधून ओढू नका, मान मोडते. मानोऱ्याला पोचला की २१ दिवस वेगळा. आणि वही असेल तर त्याच्या पानाचा फोटो काढून पाठवा, आई कोण, बाप कोण, कोणत्या वाड्यावरचा. वही नसेल तर तुम्हाला तोंडपाठ जेवढं आठवतं तेवढं आजच एका कागदावर लिहून काढा.